धोंडीराम नावाचा अर्थ गोऱ्या मॅनेजरला काय सांगू?

परळीचा_गडी
मंडळी, प्रश्न जरा येडपट हाय पण सांगा. माझं नाव धोंडीराम, गाव परळीजवळ, सध्या पुण्यात आयटीत. टीमला लंडनचा नवीन मॅनेजर आलाय, त्याला नावांच्या अर्थाची लई हौस, दर शुक्रवारी कॉलवर एकेकाला विचारायलाय. एकानं सांगितलं सूर्याचा किरण, एकीनं लक्ष्मी, माझ्या पाळीला टाइम संपला म्हणून वाचलो. आता या शुक्रवारी काय सांगू, दगड? परळीत वैजनाथ ढिगानं हायेत, मलाच हे कामून ठेवलं असंल?

लातूरकर_मास्तर
लाज कशाची त्यात. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचे. दगडू, धोंडू, केरबा म्हणजे केरातला, उकिरडा, भिकाजी. नाव ऐकून यमाला वाटावं हे काय न्यायचं, केरच तर हाय. पोराचं नाक टोचून पोरीसारखं वाढवायचे, त्यातून नथू आला. दर्ग्याला नवस बोलून झालेला तो पिराजी, आमच्या वर्गात दोन पिराजी होते अन दोघं पण हिंदू.

निजामाबादी_चहा
मॅनेजरचं नाव पीटर तर नाही ना? असलं तर मजाच. पीटर म्हणजे ग्रीकमधे पेत्रोस, दगडच! येशूनं सायमन नावाच्या शिष्याला आपल्या अरामी भाषेत केफा म्हटलं, त्याचं ग्रीक झालं पेत्रोस अन तिथून इंग्रजांचा पीटर, फ्रेंचांचा पिएर, स्पॅनिशमधला पेद्रो. निम्म्या युरोपात धोंडीरामच फिरायलेत भौ.

गोदाकाठ_नांदेड
मंगोलियात तर आपल्याही पुढं. तिथं लेकरं दगावली की पुढच्याचं नाव नेरग्वी, म्हणजे बिननावाचा, नाहीतर एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. भूत शोधत आलं तर त्याला वाटावं पत्ता चुकला 😄 अन घानामधे अकान लोक वारावरून ठेवतात, शुक्रवारचा पोरगा कोफी. संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान त्यातलेच. आपल्याकडं सोमा, मंगळ्या, बुधाजी हायेतच की.

अंबाजोगाईची_लेक
सगळे पोरांचंच सांगायलेत म्हणून लिहिते. पोराला वाईट नाव ठेवायचे तो जगावा म्हणून, अन पोरीला नकोशी, नकुसा ठेवायचे ते खरंच नको होती म्हणून, हा फरक कुणी बोलत नाही. माझ्या आजीची बहीण नकुसा, मतदार यादीत पण तेच, मरेपर्यंत तेच. साताऱ्यात 2011 ला अशा दोनशेहून जास्त पोरींची नावं कार्यक्रम घेऊन बदलली, त्यातल्या कितीतरी जणींनी आपलं नवीन नाव स्वतःच निवडलं. चीनमधे पण पोरीला झाओदी ठेवायचे, म्हणजे 'धाकट्या भावाला बोलव'. पोरगी पोरगी पण नाही, निरोप्या. त्याच्यापुढं तुमचा धोंडा बरा.

पंचांगवाले
एक राहिलंच. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्यात झालेल्या पोराला पण धोंडू, धोंडीराम ठेवतात. जन्म कधीचा? 1985 ला अधिक श्रावण होता, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत.

परळीचा_गडी
85 चाच हाव, पण नोव्हेंबरचा, म्हणजे धोंड्याचा महिना गेला. रात्री मायला फोन लावला, म्हटलं माझं नाव असं कामून. आधी म्हणे आता कुठं काढलास. मग बोलली, माझ्या आधी दोघं गेले, एक सव्वा महिन्याचा, एक पाचवीच्या आत. मला सुपात घालून शेजारच्या मावशीच्या ओट्यावर ठेवलं, ती म्हणाली हा माझा झाला, मग मायनं पायलीभर जवारी देऊन मला परत इकत घेतलं अन आज्यानं तिथंच नाव ठेवलं. चाळीस वर्षात मला हे ठावंच नव्हतं, अन त्या मावशीला मी दर दिवाळीला भेटतो राव.

मॅनेजर पीटर नाही, स्टीफन हाय. शुक्रवारी दगडच सांगणार, जवारीचं पण सांगावं वाटायलंय. पायलीला इंग्रजीत काय म्हणतात कुणाला माहितीय का?