पिझ्झा कापण्याच्या चाकाला घरच्या घरी धार लावता येते का?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीत विश्रामबागला माझे घर आहे आणि गेली दोन वर्षे मी शनिवारी-रविवारी मागणीप्रमाणे पिझ्झे करून देते. वाढदिवसाची ऑर्डर असली की एका संध्याकाळी बारा-पंधरा पिझ्झे कापावे लागतात. त्यासाठी घेतलेला कटर साधाच आहे: दहा सेंटिमीटर व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे चाक आणि प्लॅस्टिकची मूठ. पहिले वर्षभर तो उत्तम चालला. आता मात्र चीज कापले न जाता चाकाबरोबर ओढले जाते, वरचा कांदा आणि सिमला मिरची जागची हलते, आणि कडेची जाड कोर तीनदा चाक फिरवूनही तुटत नाही. गिऱ्हाईक एक तुकडा उचलायला जाते आणि शेजारचाही सोबत येतो, तेव्हा मला फार लागते, कारण पीठ भिजवण्यापासून भाजण्यापर्यंतची सगळी मेहनत त्या शेवटच्या मिनिटात वाया गेल्यासारखी दिसते.

गेल्या महिन्यात सायकलवर दगड लावून दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याकडून मी सुऱ्या, विळी आणि हे चाक, सगळ्यांना धार लावून घेतली. सुऱ्या आणि विळी त्याने छान करून दिली. चाक मात्र दगडाला टेकताच स्वतःभोवती फिरू लागले, म्हणून त्याने ते बोटाने धरून एकाच जागी घासले. आता त्या जागी चाक किंचित चपटे झाले आहे आणि तिथे निळसर-तपकिरी डाग दिसतो. शिवाय चाक थोडे डुगडुगते, आणि धुऊन ठेवल्यावर आसापाशी काळसर पाणी जमते.

हे चाक आता टाकूनच द्यावे, की त्याला नीट धार लावता येईल? आणखी एक शंका आहे. आमच्याकडे करंज्यांचे पितळी कातणे आईच्या काळापासून आहे. त्याला आजवर कोणी धार लावलेली नाही, तरी ते शंकरपाळी सुरेख कापते. मग या चाकालाच धारेची एवढी गरज का पडते?

लेथवाला (कुपवाड)

ताई, चाक टाकू नका. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे टूलरूममध्ये काम केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कातण्याची शंका. कातणे कच्च्या, मऊ पिठावर चालते. ते पीठ दाबून पोळपाटापर्यंत नेते आणि दोन बाजूंना सारते. तिथे धारेपेक्षा दाबाचे काम जास्त असते. भाजलेल्या पिझ्झ्याची गोष्ट वेगळी आहे. वर ताणले जाणारे चीज, मध्ये ओलसर गर, खाली कडक झालेला तळ आणि कडेला वाळलेली कोर असे चार प्रकारचे थर एकाच वेळी तुटावे लागतात. बोथट कड हे थर कापत नाही, ढकलते. म्हणून तुमचे चीज ओढले जाते.

मात्र दगड हातात घेण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे ते पाहून घ्या. लाकडी सपाट पाटावर वर्तमानपत्राचा एकच पदर अंथरा, चाकाच्या कडेवर एका ठिकाणी मार्करने खूण करा, ती खूण खाली ठेवून चाक सरळ रेषेत फिरवत न्या. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण 31 सेंटिमीटर असतो, म्हणजे एवढ्या अंतरात त्याचा एक पूर्ण फेरा होतो. कागद जिथे कापला गेला नाही ती जागा दर 31 सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल, तर दोष चाकाच्या त्या भागात आहे. चाक कसेही फिरवून सुरुवात केली तरी पाटाच्या एकाच जागी कागद राहत असेल, तर पाट तिथे खोलगट आहे. आणि सगळीकडेच कागद फाटत असेल, तर संपूर्ण कड बोथट आहे. दहा इंची पिझ्झा 25 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे त्यावरून एकदा चाक फिरवताना त्याचा फेरा पुरादेखील होत नाही. त्यामुळे चपटा भाग कधी मध्यावर येतो, कधी कोरेवर येतो, आणि आपल्याला वाटते की कटर मनाला येईल तसा वागतो.

दुसरी चाचणी लोहचुंबकाची. चुंबक चाकाला अजिबात चिकटला नाही, तर ते बहुधा भांड्यांच्या जातीचे स्टील आहे. त्याला तापवून-विझवून कडक करता येत नाही, त्यामुळे त्याला धार लावता आली तरी ती लवकर जाते. चिकटला तर धार टिकण्याची आशा आहे, पण खात्री नाही, कारण मऊ राहणाऱ्या काही जातींनाही चुंबक चिकटतो.

आता धार लावण्याची रीत. चाक मोकळे फिरत असताना दगडाला लावले की ते दगडावरून नुसते लोळते, घासले जात नाही. त्या धारवाल्याची अडचण हीच झाली. त्याचा दगड सरळ पात्यासाठी आहे, त्यामुळे त्याच्याकडे कसब असूनही हे घडले. म्हणून पहिले काम चाक थांबवण्याचे. मूठ आणि चाक यांच्या फटीत जाड कागदाची घडी किंवा चिंधी खोचा, म्हणजे चाक घट्ट बसेल. मग कटर टेबलाच्या कडेशी आडवा दाबून धरा, चाक कडेबाहेर येऊ द्या, आणि दगड चाकावर फिरवा. चाक दगडावर फिरवू नका. मोठा ऑइलस्टोन इथे अवघड जातो, कारण मुठीचा दांडा मध्ये येतो. बोटभर रुंदीचा छोटा दगड, किंवा सपाट लाकडी पट्टीवर चिकटवलेला 400 नंबरचा एमरी पेपर पुरेसा आहे.

मूळ उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी कडेची पट्टी, पूर्ण मार्करने रंगवून घ्या. दगडाचा कोन बरोबर असेल तर रंग उताराच्या संपूर्ण रुंदीवरून निघतो. फक्त वरच्या अंगाचा निघाला तर कोन कमी आहे, फक्त टोकाचा निघाला तर जास्त आहे. साधारणपणे प्रत्येक बाजूला 20 ते 25 अंश ठेवावेत. याहून बारीक धार पाटावर दाबली जाऊन दुमडते, कारण हे चाक प्रत्येक वेळी पाटाला टेकतेच. सुरीसारखे ते हवेत थांबत नाही.

परिघाचे आठ भाग पाडा आणि प्रत्येक भागावर एकाच दिशेने, हलक्या हाताने, मोजून दहा वेळा दगड ओढा. एका भागाला दहा आणि दुसऱ्याला पंधरा असे झाले की चाक वाकडेतिकडे होऊ लागते. एक बाजू पूर्ण झाली की पलीकडच्या बाजूला नखाला जाणवणारी बारीक कड उभी राहते, तिला आम्ही कारखान्यात बर म्हणतो. बर पूर्ण फेऱ्यावर सारखी जाणवली, तरच बाजू बदला. शेवटी 1000 नंबरच्या कागदाने दोन्ही बाजूंना आलटून-पालटून अगदी हलके घासून ती काढून टाका. मोजून काम करण्याचा कंटाळा करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

निळसर डागाचे मात्र वाईट वाटते. कोरड्या दगडावर पाते तापले की असा रंग चढतो आणि तेवढ्या जागेचे पाणी उतरते, म्हणजे तिथला कडकपणा जातो. तो भाग खरवडून पुढचे चांगले पोलाद उघडे करणे हाच उपाय आहे. चपटेपणाही हाताने जाणार नाही, कारण एक जागा अर्धा मिलिमीटर खाली गेली असेल तर उरलेला सगळा परीघ तेवढाच खाली आणावा लागतो. ते काम लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवत ठेवून तिला गोल आकार देणाऱ्या यंत्रावर, करावे. ओळखीचा कोणी टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) असेल तर त्याला सांगा की चाक बोल्टवर दोन वॉशरच्या मध्ये घट्ट कसावे, लेथ अगदी सावकाश फिरवावा, आणि दगड अशा बाजूने टेकवावा की धार दगडाकडे येणार नाही, दगडापासून दूर जाईल. दगडाची भुकटी लेथच्या बेडवर पडू नये म्हणून खाली कागद अंथरायला तो स्वतःच विसरणार नाही. घरच्या ड्रिल मशीनवर हा प्रयोग करू नये. चाक सुटले तर हात कापल्याशिवाय राहणार नाही.

मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शस्त्रांना धार आणि झिलई देणारे शिकलगार होते. हातातला कोन न ढळू देणे ही किती मोठी विद्या आहे, हे मी एमरी पेपर हातात घेतला की दर वेळी जाणवते.

अजिंक्यतारा (सातारा)

साताऱ्यात आमची छोटी बेकरी आहे. वरच्या उत्तरातील धारेची माहिती मोलाची आहे. मला फक्त धार का जाते याविषयी थोडे लिहायचे आहे.

ताई, आपण पिझ्झा कशावर कापता? स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापत असाल, तर कितीही चांगली धार केली तरी काही ऑर्डरींतच ती बसेल. शिवाय ताटाला उभी कड असते. चाक त्या कडेवर चढते आणि पिझ्झ्याच्या कोरेपर्यंत खाली पोहोचतच नाही. कोर तुटत नाही याचे निम्मे कारण मला इथेच दिसते. पिझ्झ्यापेक्षा चार बोटे मोठा, बिनकडेचा लाकडी पाट घ्यावा. काचेचा पाट दिसायला स्वच्छ असतो, पण धारेचा तो शत्रू आहे. भट्टीतून काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबूनच कापावे, म्हणजे चीज थोडे बसते आणि चाकाला कमी चिकटते. आम्ही चाक पुढे-मागे करवतीसारखे चालवत नाही. पलीकडच्या कोरेवर आधी जोर देऊन ती तोडतो आणि मग एकाच ओढीत आपल्याकडे आणतो.

काळ्या पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आसापाशी चीज, टोमॅटोचा आंबट रस आणि मीठ साचते. स्टेनलेस स्टीलवर गंज न चढण्याचे कारण म्हणजे त्यावर असलेला क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. फटीत खारट ओल अडकून राहिली आणि तिथे हवा पोहोचली नाही, की तो थर तुटतो आणि पुन्हा धरत नाही. म्हणून फटीतून गंज सुरू होतो आणि बाहेरून चाक चकचकीत दिसत राहते. काम झाल्याबरोबर गरम पाणी, साबण आणि जुन्या दातघासणीने आसाभोवती घासावे, मग फडक्याने पुसून चाक खाली लोंबेल असे टांगून ठेवावे. रात्रभर पाण्यात भिजत घालू नये.

आसाला गोडेतेल घालू नका. पहिला आठवडा चाक छान फिरते, नंतर तेल चिकट होऊन त्यात पीठ बसते. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, त्याचा एक थेंब पुरतो. शिलाई मशीनचे तेल अन्नाजवळ नको.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. मी खरोखरच ताटात कापत होते, हे वाचून एकदम लक्षात आले. काल सागाच्या पाटावर वर्तमानपत्राची चाचणी केली. धारवाल्याने घासलेल्या जागी कागद दोन बोटे अखंड राहिला आणि बरोबर पुढच्या फेऱ्यात पुन्हा राहिला. बाकीच्या भागात कागद कापला न जाता फाटत होता, म्हणजे संपूर्ण कडही बोथट आहे. चुंबक चिकटतो.

काका, अडचण अशी आहे की माझ्या कटरला स्क्रू नाही, रिव्हेट आहे. मग चाक लेथवर न्यायचे कसे? आणि डुगडुगणे धारेने जाईल का?

लेथवाला (कुपवाड)

डुगडुगणे धारेने जाणार नाही, आणि ते गेल्याशिवाय धारेचा पूर्ण उपयोगही होणार नाही. चाक तिरके झाले की कड सरळ खाली उतरत नाही, कुशीवर घासते. रिव्हेटभोवतीचे भोक झिजले असेल किंवा रिव्हेटच सैल झाला असेल. तो हातोडीने ठोकून घट्ट करू नका. जरा जास्त ठोकला गेला तर चाक जाम होते, आणि पातळ पत्रा एकदा वाकला की परत सरळ होत नाही.

टर्नरकडे जाणारच आहात, तर त्यालाच ड्रिलने रिव्हेटचे डोके उडवून रिव्हेट काढायला सांगा. चाक वेगळे झाले की ते लेथवर गोल करून घ्या आणि दोन्ही उतारही तिथेच करून घ्या, म्हणजे घरी फक्त 1000 नंबरचा कागद फिरवायचे काम उरेल. परत जोडताना रिव्हेटऐवजी भोकात नेमका बसेल असा स्टेनलेसचा स्क्रू, चाकाच्या दोन्ही बाजूंना पातळ नायलॉनचे वॉशर आणि नायलॉक नट बसवा. साधा नट चाकाच्या फिरण्याने हळूहळू सुटतो. नायलॉक नटाच्या आतले नायलॉनचे कडे त्याला जागीच धरून ठेवते. चाक बोटाच्या हलक्या धक्क्याने फिरावे पण आडवे हलवले तर डुगडुगू नये, इतकाच नट आवळा. पुढे महिन्यातून एकदा स्क्रू काढून आतले सगळे धुता येईल, आणि साताऱ्याच्या ताईंनी सांगितलेल्या फटीतल्या ओलीचा प्रश्नही त्यातच सुटेल. नट पुन्हापुन्हा काढून नायलॉनची पकड सैल झाली, तर नवा नट घ्या.

घरी आणल्यावर चाक साबणाने दोनदा धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर राखाडी डाग येणे थांबेपर्यंत त्याने पिझ्झा कापू नका, कारण त्या डागात पोलादाचा आणि दगडाचा चुरा असतो.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, माधवनगरच्या एका टर्नरने चाक गोल करून दिले. व्यास जेमतेम दीड मिलिमीटरने कमी झाला आणि निळा डाग पूर्ण गेला. नायलॉनचे वॉशर गणपती पेठेत मिळाले. फडके तिसऱ्या पुसण्याला स्वच्छ राहिले, मग वर्तमानपत्रावर तीन फेरे सलग फिरवून पाहिले. कागद कुठेही अडला नाही. शनिवारी अकरा पिझ्झ्यांची ऑर्डर होती. कोर एका दाबात तुटली आणि कांदा जागचा हलला नाही. आता पाटाला कोणते तेल लावावे, ते साताऱ्याच्या ताईंनी कृपया सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा)

तेच लिक्विड पॅराफिन, ताई. पाट पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना चोळा आणि रात्रभर उभा ठेवा; एकाच बाजूला लावले तर पाट वाकतो, आणि मग चाक पुन्हा मध्येच अडेल.