मदत हवी आहे: ३३३ मेगाहर्ट्झला पीएसपी बंद पडतो

माझ्याकडे पीएसपी-२००० आहे, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. त्याच्या प्रोसेसरची क्षमता ३३३ मेगाहर्ट्झची, पण २००७ पर्यंत गेम्सना २२२ चीच मुभा होती. त्यामुळे जुने गेम उगाच अडखळतात, म्हणून कस्टम फर्मवेअरच्या (सोनीच्या मूळ सिस्टीम सॉफ्टवेअरऐवजी टाकलेल्या अनधिकृत सॉफ्टवेअरच्या) मेनूतून मी ३३३ लावलं. फरक खरंच सुंदर आहे! रेसिंगमध्ये वळणावर बसणारे झटके गेले.

अडचण अशी की स्क्रीनवर गर्दी झाली की दोन कांड्या बॅटरी दिसत असतानाही तो खटकन बंद होतो. २६६ ला काही होत नाही. बॅटरी काढून नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर ३३३ ला तासभर खेळलो, एकदाही बंद पडला नाही. ब्राइटनेस कमी केला तर थोडा जास्त टिकतो. बॅटरीचे पॉइंट्स पुसून झालेत, मेमरी कार्डही बदललं. मूळ बॅटरी फुगली होती, आताची साध्या कंपनीची, १२०० एमएएच लिहिलेली.

माझा संशय बॅटरीवरच आहे, पण दुसरी घेण्याआधी खात्री हवी. हाताशी फक्त मल्टिमीटर आहे, आणि बोर्डावर सोल्डरिंग करायचं नाही. गेम चालू असताना व्होल्टेज नेमकं कुठे मोजायचं, आणि ते कितीच्या खाली गेलं तर बॅटरीच दोषी समजायची?