अनुभव धागा: गावानं तुम्हाला आधीच कोण ठरवून टाकलं होतं?

आपल्याकडं ओळख करून देताना माणूस तोंड उघडायच्या आधी बाकीचेच बोलतात. हा अमक्याचा धाकला, नीटची तयारी करतोय. ही तमक्याची सून. ह्यानं पुण्याची नोकरी सोडली म्हणे. हे ऐकून ऐकून आपण तसेच होतो, की हट्टानं उलटे होतो, की वरून एक आणि आतून एक? मला तरी तिसरंच जास्त दिसतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्यांनी लिहा. जातीबद्दल मोकळं लिहा, भांडू मात्र नका. माणसाचं, कॉलेजचं, कारखान्याचं नाव नको. आणि ‘समाज बदलला पाहिजे’ हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून बाकीचं लिहा.

कॅप्सूलवाला, अहमदपूर तालुका

दहावीला ९४ टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी गावानं मला डॉक्टर करून टाकलं. पारावर पेढे वाटले. चुलत्यानं तर तिथंच गुडघेदुखी सांगून बघितली. मग लातूर. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या निघायच्या तेव्हा लातूर पॅटर्नचं नाव झालं, आमच्या वेळेपर्यंत सगळं नीटच्या ७२० गुणांवर येऊन थांबलेलं. ट्यूशन एरियात कॉट बेसिसवर राहायचो, डबा गावाकडून एसटीनं यायचा. डब्याच्या पिशवीवर थोरल्या भावानं ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलेलं, आणि नावाच्या आधी ‘डॉ.’! कंडक्टरसुद्धा ‘डॉक्टरचा डबा’ म्हणूनच खाली द्यायचे.

मार्क कमी पडले. रिपीट केलं, परत कमी पडले. खरं सांगायचं तर मला बायोलॉजी आवडायचं, डॉक्टरकी नाही. रक्त बघितलं की घेरी यायची. पण एवढ्या पेढ्यांनंतर हे सांगणार कुणाला? शेवटी डी.फार्मसी केलं. आता जवळच्या बाजारगावात मेडिकल आहे, बरं चाललंय. तरी गाव मला डॉक्टरच म्हणतं. म्हाताऱ्या बाया येतात, हात पुढं करतात, ‘बघ रे जरा नाडी.’ मी म्हणतो, काकू, मी औषधं विकतो. ‘असू दे, बघ तर.’ इंजेक्शन मी देत नाही, तर लोकांना तो माझा शिष्टपणा वाटतो.

मलाही ती हाक पूर्ण नकोशी आहे असं नाही. फार्मासिस्टनं पांढरा ॲप्रन घालायचा असतो, पण आमच्या बाजारात रोज इस्त्री करून घालणारा मी एकटाच.

जगात जर्मनी, परभणी

बी.एस्सी. ॲग्री, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठातून. घरी जिरायत जास्त. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. शेती करायची म्हणूनच शिकलो, हे मुलीकडच्यांना पटतच नाही. ‘शेतीच करायची होती तर एवढं शिकले कशाला?’ की बायोडाटा परत. पोरगा पुण्यात पाहिजे, कंपनीत पाहिजे, आणि गावाकडं दहा एकर पण पाहिजे. त्या दहा एकरांत राबायचं कुणी, हे विचारायचं नसतं.

शेवटी मामानं तोड काढली. चाकणला एका कंपनीत चिकटलो. खोलीभाडं आणि मेस गेली की हातात काही उरायचं नाही, पण गळ्यात आयकार्ड होतं. त्या आयकार्डावर सोयरीक जमली. लग्न झालं, पुढच्या पेरणीला मी परत गावात. बायकोला साखरपुड्याआधीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, चालतंय, फक्त आमच्या दादांना सांगू नका. सासरे अजून पाहुण्यारावळ्यांत सांगतात, ‘जावई पुण्याच्या कंपनीत आहेत, सध्या वर्क फ्रॉम होम.’ मी तेव्हा पाठीवर पंप घेऊन तुरीत उभा असतो.

उस्मानाबादी शेळी

जर्मनी, आमच्या गावात असे दोन वर्क फ्रॉम होम आहेत. एकाच्या चार म्हशी आहेत.

फ्रेमबाहेर, छत्रपती संभाजीनगर

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, म्हणजे नामविस्तार झाला, त्याच वर्षी माझा जन्म. १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, तेव्हा वडील शाळकरी पोर होते. पुढं गाव सोडून इथं आले, मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाहेर भाड्यानं खोली बघायला गेलं की ‘पूर्ण नाव काय?’ येणार हे मला माहीत असतं, आणि त्याला काय बोलायचं तेही. अडते मी घरात. आमच्या घरी क्लास वनच्या खाली काही चालत नाही. मीही एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसले, मग उठले. आता लग्नाचे फोटो काढते आणि त्यावर पोट भरते. वडील म्हणतात, ह्यासाठी लोक मेले का?

ह्याला काय बोलणार. खोली नाकारणाऱ्याशी मी तावातावानं भांडते. ज्यांनी वस्ती जळताना बघितली त्यांच्यापुढं माझा आवाजच निघत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे मी काढलेले फोटो मात्र ते सगळ्या ग्रुपवर पाठवतात. खाली माझं नाव टाकत नाहीत.

गोदाकाठ, नांदेड

मी मराठीची एम.ए., बी.एड. घरात दख्खनी, म्हणजे ‘हौ’ आणि ‘नक्को’; शाळेत मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी नवीन आलं, माझं नाव ऐकलं, की ‘अय्या, तुमचं मराठी किती छान!’ आमच्या कित्येक पिढ्या नांदेडात गेल्या, हे कितीदा सांगायचं? आणि नात्यात कुणी भेटलं की उर्दू शाळेत नोकरी का नाही धरली म्हणून विचारणार. दोन्हीकडं पाहुणीच.

नाव नको, हिंगोली जिल्हा

नवरा कर्जापायी गेला. सातबाऱ्यावर आता नाव माझं. आडतीवर तूर घेऊन गेले की विचारतात, ‘सोबत कोण आलंय?’ म्हणून दिराला नुसतं उभं करायला नेते. तो मोबाइल बघत बसतो, भाव मी करते.

केज तालुका (मावशी सांगत गेली, मी टाइप केलं)

माझं लग्न कारखाना सुरू व्हायच्या आत उरकलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्या गड्याला अर्धाच. सासऱ्याला मुकादमाकडून पुऱ्या कोयत्याची उचल पाहिजे होती. वय कुणी विचारलं न्हाई, मोळी उचलती का ते विचारलं. आठरा पुरी व्हायची होते.

फडात पाळी आली तरी थांबायचं न्हाई. एक दिवस बसलं की खाडा, पैसे कापत्यात. पिशवी काढून टाक, कटकट मिटंल, असं बायाच बायांना सांगायच्या. थोरल्या जावंनं काढली. सासू मला बी म्हणली, मी न्हाई काढली. मग २०१९ ला सरकारनं समिती बसवली, कागद घेऊन माणसं विचारायला आली, तवा कळलं की हे असं लई जणींचं झालंय. तवर वाटायचं आमच्याच घरचं हाय.

आता तोडीला जात न्हाई. बचत गटातनं शिवणयंत्र घेतलं, दाराला पाटी लावली, पाटीवर माझं नाव. दीर म्हणला, दादाचं टाकायचं होतं. म्हणलं, मशीन दादा चालवतोय का?

निवृत्त, जालना

सगळ्यांचं वाचलं. पण अपेक्षा म्हणजे नुसता काच, असं धरून चालू नका. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. सप्टेंबर १९४८ नंतर कचेरीचं मराठी त्यांना नव्यानं शिकावं लागलं. त्यांनी मला मास्तर हो म्हणून सांगितलं, मी झालो. तेव्हा पोरसवदा होतो, पत्त्यांचा नादी. रात्री देवळामागं डाव रंगात आलेला असायचा आणि अंधारातून कुणीतरी ‘गुरुजी’ म्हणून हाक मारायचं. पत्ते मांडीखाली सरकवावे लागायचे. असं करत करत सुटलेच. मी आपणहून सुधारलो नसतो. हेही मोजा.

केज तालुका (परत मावशी)

गुरुजी, तुमचं खरं हाय. पर तुम्हाला गुरुजी म्हणले आन पगार बी दिला. पत्ते कशानं सुटले ते तुम्हालाच माहीत.

आन एक सांगते, मी बी आता तेच करायले. पोरीला पोलीस भरतीसाठी रोज पहाटं पळायला पाठवते. तिला काढायचंय ब्युटी पार्लर. मी म्हणते, आधी वर्दी घाल, मग काय काढायचं ते काढ. ती म्हणती, आजीगत बोलायलीस. परवापासनं बोलंना झालीय माझ्याशी, तरी पळायला जाती. आठशे मीटरला तिचा वेळ लई जातोय, शेवटच्या दोनशेत दम तुटतोय. कुणाला त्यातलं कळत असंल तर सांगा.