गोव्यात गाडीवेड्यांच्या ताफ्याबरोबर: सासूबाईंना घेऊन जावं का?

प्रेषक: धाकट्या वहिनी, रुवी (मस्कत)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही गोव्यात मोपा विमानतळावर उतरतोय. माझा दीर त्याच सुमारास पुण्याहून चोर्ला घाटाने गोव्यात येतोय, सोबत त्याचा गाडीवेड्यांचा गट. जमिनीला टेकायच्या बेतात असलेली त्याची होंडा सिटी, एक उंच केलेली थार, एक जिप्सी आणि कुणाची तरी नव्याने सजवलेली पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. सगळ्यांची बायकामुलं बरोबर आहेत. "वहिनी, तुम्ही फक्त या, गाड्यांत जागा आहे," असा रोज फोन.

सासूबाईंना कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन घ्यायचंय, मुलांना दूधसागर, ह्यांना समुद्र. मला एवढंच कळायला हवं की पोलीस अडवतात का, आणि सत्तरी ओलांडलेली कंबर अशा गाडीत टिकते का. बापूकाका, तुम्ही आता फोंड्यालाच असता, म्हणून तुम्हाला विचारते.

प्रेषक: भाऊ, सोहार (ओमान)

जा की बिनधास्त! इथे आपण टायरची हवा कमी करून वाळूचे डोंगर चढतो, मोरजीची वाळू ती काय. थार आहेच, पोरांना किनाऱ्यावर एक चक्कर मारून आणा, जन्मभर लक्षात ठेवतील.

प्रेषक: बापूकाका, फोंडा

आधी भाऊंचं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. मोरजीला तर ऑलिव्ह रिडली कासवं थंडीतच अंडी घालायला येतात. तरी दर हंगामात कुणीतरी गाडी घालतो, ती रुतते, भरती येते, ट्रॅक्टर शोधेपर्यंत पाणी दारात आणि पोलीस डोक्यावर. तेव्हा पोरांना चालत न्या.

आता वहिनी. मला विचाराल तर पोलिसांचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कोण कुठल्या गाडीत बसणार.

दिराने सिटी खाली बसवली म्हणजे स्प्रिंगा आखूड केल्या. चाकाला वरखाली व्हायची जागा तेवढी कमी झाली. तो एकटा चालवतो तेव्हा गाडी झकास पळत असेल. मागे तिघं बसून डिकीत मस्कतच्या बॅगा पडल्या की मागचं टायर वळणावर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतं आणि खड्ड्यात दणका थेट कण्यात. आमच्याकडे गावागावांत रंबलर आहेत, काही ठिकाणी पाच-पाच पट्ट्या लागोपाठ. सासूबाईंना त्या गाडीत नको म्हणजे नको, दीर कितीही रुसला तरी.

थार उलट्या बाजूने अडचणीची. उंच केल्यावर चढायला स्टूल लागतं, घाटात गाडी डुलते, मुलांना ओकाऱ्या होतात. जुन्या थारमध्ये मागची बाकं आडवी, समोरासमोर. मुलं नेमकी तिथे पळतील. पट्टा नसेल तर बसू देऊ नका. जिप्सीत लोखंडी पिंजरा बसवला असेल तर डोक्याजवळच्या नळ्यांवर फोम आहे का ते हाताने दाबून बघा. शर्यतीत हेल्मेट असतं, तुमच्या मुलांना नसेल.

पोलिसांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत (गाडीच्या नोंदणीपत्रात) कंपनीने दिलेली माहिती आणि प्रत्यक्षातली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182अ कलमात ही शिक्षा आली: दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलणं चालतं, पण आरसीवर नोंद हवी. काचांना काळी फिल्म 2012 पासून बंद, पुढचा बुलबार 2017 पासून. आवाजाच्या नळकांड्याला (सायलेन्सरला) दंड 10,000 पर्यंत जातो, वर लायसन तीन महिने जप्त. कुणी अडवेल की नाही ते नाक्यावरच्या हवालदाराच्या मूडवर, त्यावर मी पैज लावणार नाही. पण विमा बघाच. न कळवलेले बदल असले की अपघातानंतर कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, आणि त्या गाडीत तुमची माणसं असतात.

पद्मिनीवाला "विंटेज आहे, चालतं" म्हणेल. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडीच विंटेज. तिला VA अक्षरांची पाटी मिळते आणि ती रोज रस्त्यावर काढायची नसते. इंजिन दुसरं घातलं असेल तर विषयच संपला.

रस्ता. "केरीला भेटू" असं ठरवू नका! गोव्यात केऱ्या तीन: चोर्ला उतरल्यावर सत्तरीची, तेरेखोलच्या तोंडाशी पेडण्याची आणि आमच्या फोंड्याची, विजयादुर्गेची. निम्मा ताफा घाटाखाली आणि निम्मा समुद्रावर असं झालेलं मी पाहिलंय. "साखळी गावात भेटू" म्हणा.

चोडण बेटावर पक्षी बघायला निघालात तर सिटी रायबंदरला ठेवा. ओहोटीला फेरीबोटीची फळी आणि धक्का यांत असा कोन होतो की साधी स्विफ्टसुद्धा नाक घासते. दूधसागरलाही स्वतःची थार नेता येत नाही, कुळेहून तिथल्याच जिपा घ्याव्या लागतात. पुण्याच्या पोरांना याचा राग येतो. पण खरी गाडीची कला बघायची तर त्या जिपा बघा. ओढ्यात बोनेटपर्यंत पाणी आणि आत पॅसेंजर गप्पा मारतायत. कुणी त्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकत नाही इतकंच.

माझं मत: मोपाहून स्वतःची भाड्याची गाडी घ्या. काळी पाटी, पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देतो म्हणणारे भेटतील, घेऊ नका. आणि ताफ्याच्या मागून या.

प्रेषक: माई, म्हापसा

बापू, तुम्ही त्या बाईला घाबरवूनच टाकलंत. नियम सगळे खरे, पण मजा कुठे लिहिलीत? माझा भाचा याच नादातला. जिथे थांबतात तिथे चहावाला, रिक्षावाला, बँकेतला शिपाई सगळे गोळा होतात. बोनेट उघडलं की म्हातारे टॅक्सीवाले पोर्तुगीज काळातल्या मर्सिडीजच्या गोष्टी काढतात. बायका सुरुवातीला कंटाळतात, मग त्यांचाच वेगळा कंपू होतो आणि पुरुषांना सोडून मार्केटला जातो. मुलं एकमेकांच्या गाड्यांत चढतात. असा कुटुंबकबिला मला तरी हॉटेलच्या तरणतलावापेक्षा बरा वाटतो.

दोन गोष्टी मात्र दिराकडून आधी कबूल करून घ्या. देवळाच्या आवारात इंजिन रेझ करायचं नाही. कवळ्याला तळीकडच्या बाजूला माणसं जप करत बसलेली असतात. आणि मार्गशीर्षातला गुरुवार पडला तर सासूबाईंच्या जेवणाची सोय आधी बघायची. हे लोक फिशथाळी दिसली की ब्रेक मारतात.

भाड्याच्या गाडीचं बापूंचं बरोबर. रात्री यांच्या गप्पा संपत नाहीत, तुम्हाला म्हातारीला घेऊन निघता आलं पाहिजे.

प्रेषक: धाकट्या वहिनी, रुवी

बापूकाका, माई, खूप आभार. तुमचे दोन्ही मेल दिराला जसेच्या तसे पाठवले. तासभर उत्तर नाही. मग आलं: सिटीचं नळकांडं तो निघण्याआधी मूळचं लावून आणतोय, आणि जिप्सीवाल्याने नळ्यांना फोम मागवलाय. पद्मिनीची आरसी मागितली तर म्हणे मालक शोधतोय. त्यावरून मला जे कळायचं ते कळलं, पण ती गाडी आमची नाही.

भाड्याची गाडी ठरवली, काळ्या पाटीची. सासूबाई त्यातच बसणार. दर्शन झाल्यावर एकदाच पद्मिनीत फोंड्यापर्यंत जाईन म्हणतात, मामंजींनी लग्नानंतर पहिल्यांदा फियाटमधून दादरला नेलं होतं म्हणून. दोन किलोमीटरला मी हो म्हटलं. मागच्या सीटला पट्टे आहेत असं मालक शपथेवर सांगतोय, बसायच्या आधी मी ओढून बघणार.

भेट साखळीला, सकाळी. ताफा नऊला घाट उतरतो म्हणतोय. बापूकाका, तिथून फोंड्याला येईपर्यंत तुमच्या त्या कँटीनमध्ये भाजी-पाव आणि बन उरतो का?

प्रेषक: बापूकाका, फोंडा

दहानंतर बन नाही. दिराला सांगा, घाट आठला उतरा. आणि पद्मिनी मागे राहिली तर तिच्यासाठी थांबू नका, फोन करा, आमच्या इथला मिस्त्री फियाटचा कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलतो.