चालता संगणक कंपनीच्या तारखेपायी मोडीत काढायचा का?

गोडोलीकर, सातारा

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला आपोआप मोफत सुरक्षा अपडेट मिळणं बंद झालं. तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या घरी जावं तिथं एकच प्रश्न, विंडोज अकरा टाकायची की नवीन संगणकच घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात संगणक लाइटबिल भरायला, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरायला, फोटो साठवायला आणि परगावच्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागतो, त्या घरानं चालतं मशीन बाजूला टाकून नवीन घेऊ नये.

अडतं कुठे ते बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली जवळजवळ सगळी मशीन बाद. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी ही वेगवान डिस्क, असं मशीन आजही घरकामाला पुरून उरतं. ते कामाला कमी पडलं म्हणून बाद झालेलं नाही, मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव नाही म्हणून झालंय.

आणि ज्याचा मला खरा संताप येतो ते पुढे आहे. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंना दुकानात सांगितलं, "तुमच्या मशीनवर अकरा चढत नाही, नवीनच घ्या." काकूंनी पेन्शनच्या पैशातून घेतला. जुना नातवाला द्यायचा म्हणून तो साफ करायला माझ्याकडे आला, तर आत नवव्या पिढीचा प्रोसेसर! बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेल पीटीटी हा टीपीएमचा पर्याय बंद होता, बाकी काही नाही. तो चालू केला आणि मशीन अकराला बसतं का ते तपासणाऱ्या पीसी हेल्थ चेकनं सगळीकडे हिरव्या खुणा दाखवल्या. एकट्या राहणाऱ्या बाईला घाबरवून केलेला हा धंदा आहे.

ज्यांचं मशीन खरंच बसत नाही त्यांनाही मुदतवाढ आहे. ईएसयू नावाची वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' असं दिसतं, तिथूनच होतं.

विश्रामबाग, सांगली

काकूंच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्यात वाद नाही. पण तुमच्या पोस्टमधलं "नवीन घेऊ नये" एवढंच लोक उचलतील आणि ईएसयूचा परिच्छेद वाचायच्या आत बंद करतील. माझ्या नात्यातच बघतो, विंडोज १० वापरणाऱ्यांपैकी कुणीही स्वतःहून ते बटण दाबलेलं नाही.

धोका काय ते नीट सांगायला हवं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडतं. दहा आणि अकराचा आतला बराच भाग सारखा आहे. अकरासाठी दुरुस्ती आली की ती उलगडून भोक नेमकं कुठे होतं ते चोरांना शोधता येतं. ज्या दहाला दुरुस्ती मिळाली नाही, तिथं तेच भोक उघडं राहतं. मशीन मात्र कालच्यासारखंच चालतं, त्यामुळे घरातल्यांना पत्ताही लागत नाही. लाइटबिल भरतात म्हणता, म्हणजे बँकेचा पासवर्ड त्याच कीबोर्डवर टाकतात ना? २०१७ चं वॉनाक्राय, फायली कोंडून खंडणी मागणारं ते व्हायरसचं प्रकरण, विसरलात का?

आयुष्यभराची शिल्लक ज्या मशीनवरून हाताळायची, ते मशीन जुनं झालं तर बदलावं. यात कंपनीची तळी उचलण्यासारखं काही नाही.

गोडोलीकर, सातारा

वॉनाक्राय काढलंत ते बरं केलंत. ते आलं मे २०१७ मध्ये. त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. त्यात अडकलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा कंपनीचा पाठिंबा चालूच होता, तो जानेवारी २०२० पर्यंत होता. नडलं ते आलेली दुरुस्ती न घेणं. ईएसयू घेतलेलं विंडोज १० हे अपडेट बंद करून ठेवलेल्या विंडोज ११ पेक्षा सुरक्षित आहे, यावर मी ठाम आहे. आणि अपडेट बंद ठेवणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं, डेटा संपतो म्हणून लोक अपडेट थांबवतात. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते, यूपीएसची बॅटरी बसलेली असते, आणि अपडेट अर्ध्यावर तुटतं. एकदा तसं झालं की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मिरजेची ताई

तुम्ही दोघं सुरक्षेवर बोलताय, पण मराठी फायलींचं काय होतं ते कुणीच बोलत नाही.

माझे बाबा गाण्याचे क्लास घ्यायचे. बंदिशी, त्यांची स्वरलिपी, शिष्यांसाठी काढलेल्या सूचना, सगळं त्यांनी संगणकावर टाईप केलेलं. तेही युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या) आधीच्या एका फॉन्टमध्ये, कारण तेव्हा तेच शिकवलं जायचं. भावानं डिस्क पुसून विंडोज ११ टाकून घेतलं. फायली आधी पेनड्राइव्हवर काढल्या होत्या, त्या परत ठेवल्या. उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, त्यावर टिंबं, मध्येच डॉलरची खूण. "माझं सगळं गेलं," एवढंच बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

गेलेलं काहीच नव्हतं. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीची वळणं बसवायचे. फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरंच, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. डिस्क पुसताना फॉन्ट गेला, म्हणून मराठी दिसेना. जुन्या सीडीवरून फॉन्टची फाइल काढून टाकली आणि बंदिशी जशाच्या तशा परत दिसल्या. आता एकेक फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घेतेय. रफार आणि जोडाक्षरं हातानं तपासावी लागतात, कारण कन्व्हर्टर तिथंच घसरतो.

मंगल फॉन्टचंही सांगून ठेवते. तो युनिकोडच आहे, पण नव्या विंडोजमध्ये आधीपासून असेलच असं नाही. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून वेगळा घ्यावा लागतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की तोही येतो. अपग्रेड करा, माझी ना नाही. पण फॉन्टचं फोल्डर आधी काढून ठेवल्याशिवाय कुणाला डिस्कला हात लावू देऊ नका.

कराडचं दुकान

मी दुरुस्तीचं काम करतो. काकूंना फसवणाऱ्याची बाजू घेणार नाही, पण सगळ्या दुकानदारांना एका माळेत ओवू नका. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "काय बी करा, अकरा टाकून द्या." मशीन यादीत नसेल तरी अट चुकवून अकरा टाकता येते, आणि टाकून देणारे टाकून देतात. पण तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातलं मशीन असेल तर अकराची २४एच२ आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही. मी नाही म्हणालो की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

गोडोलीकर सर, तुमचं बायोसचं वाक्य वाचून लोक स्वतः हात घालतील. जुन्या पद्धतीनं, म्हणजे एमबीआरनं बांधलेली डिस्क असेल आणि बायोसमध्ये नुसतं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू व्हायची नवी पद्धत, करून ठेवलं, तर मशीन चालूच होणार नाही. आधी डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्यावी लागते, आणि त्याच्याही आधी बॅकअप.

आणि सगळ्यात वाईट प्रकार सांगतो. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. घरच्यांना माहीतच नसतं. पुढे कधी बायोस रीसेट झाला, मदरबोर्ड बदलला, की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की असते मायक्रोसॉफ्ट खात्यात. खातं काढून दिलेलं असतं पुण्याच्या भाच्यानं, स्वतःच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता बंद. मग ते लोक माझ्यासमोर मशीन ठेवतात आणि म्हणतात, "नातीचे बारशाचे फोटो आहेत यात." मला ते उघडता येत नाही. कुणालाच येत नाही. त्या वेळी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघवत नाही.

वालचंदचा विद्यार्थी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाका ना. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, जुन्या मशीनवर छान चालतं, युनिकोड मराठी येतं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही. मी आजोबांना लावून दिलंय, ते ब्राउझर उघडतात, पेपर वाचतात, खूश आहेत.

वाईची सूनबाई

बाळा, तू आजोबांच्या घरात आहेस म्हणून ते खूश आहेत. तू नोकरीला बाहेर गेलास आणि प्रिंटरनं कागद ओढला नाही, तर ते कुणाला फोन करतील? वाईत लिनक्स दुरुस्त करणारं दुकान मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांनी एक वही केली आहे. त्यात लिहिलंय, "खाली डाव्या कोपऱ्यात खिडकीचे चित्र दाबणे. उजवे बटण दाबून कॉपी म्हणणे." विंडोज ११ मध्ये ते चित्र मधोमध गेलं आणि तेव्हाच्या आवृत्तीत उजवं बटण दाबल्यावर 'कॉपी' हा शब्द दिसेनासा झाला, वर नुसतं एक बारीक चित्र आलं. ज्या बाईनं साठीनंतर हे सगळं एकटीनं शिकून घेतलं, ती मला म्हणाली, "आता मला जमणार नाही गं." मला त्याचं फार वाईट वाटलं. कारण त्यांची समज कमी झाली नव्हती, त्यांच्या हाताखालची वस्तू त्यांना न विचारता हलवली होती. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मी ते बटण डावीकडे आणून दिलं. पण कॉपीचं पान त्यांना वहीत खोडून नव्यानं लिहावं लागलं.

कंपनीत बदल झाला की प्रशिक्षण देतात. घरातल्या माणसाला कोण देतं?

विश्रामबाग, सांगली

ताईंचं म्हणणं पटतं, तरी माझा मूळ प्रश्न तिथंच आहे. गोडोलीकर सर, १३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय? एक वर्ष पुढे ढकलणं म्हणजे उत्तर नव्हे. आणि ज्याच्या मशीनवर अकरा बसते त्यानं का थांबावं, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. मी तर म्हणतो, बसत असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत घरी येणाऱ्या पोरांनी करूनच जावं.

गोडोलीकर, सातारा

बसत असेल तर थांबू नये, हे मान्य. माझा विरोध अकराला नाही, नवीन विकत घ्यायला लावण्याला आहे. मिरजेच्या ताईंनी सांगितलं तसे फॉन्ट आणि फायली काढून ठेवा, दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत ठेवा, मग जुन्यावरूनच अपग्रेड करा. नाही जमलं तर १० दिवसांच्या आत रिकव्हरीमधून परत दहावर जाता येतं, तेवढ्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग सगळं चालवून बघा. सुट्टीला आलेल्या पोरानं निघायच्या आदल्या रात्री करू नये, आल्या दिवशी करावं.

जे मशीन बसत नाही, त्यावर ईएसयू संपल्यावर बँक करायची नाही, एवढा नियम घरात करावा. बँक फोनवर न्यावी. मशीन फोटो, गाणी आणि टायपिंगला ठेवावं, नेट काढून. कुणी मदतीला असेल तर मिंट. यासाठी पेन्शनीतले पैसे मोडायची गरज मला आजही दिसत नाही, आणि यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

विश्रामबाग, सांगली

नेट काढून ठेवणारं एक घर दाखवा, मग बोलू.

वाईची सूनबाई

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, आमच्या सासऱ्यांचं दुसरं मशीन दहावरच आहे. ईएसयूसाठी वेगळं खातं काढायचं का? आणि ती ४८ अंकांची भानगड आमच्या अकरावर आहे का, ते कसं बघू?

कराडचं दुकान

वहिनी, वेगळं लागत नाही. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतात, फक्त ते खातं त्या मशीनवर अ‍ॅडमिन असायला हवं. खातं घरातच वापरात असलेल्या नंबरवर ठेवा, भाच्याच्या नको. अकरावर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं ते कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर खात्यात लॉगिन करून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फोटो काढून त्याच मशीनमध्ये ठेवू नका, कपाटात कागद ठेवा.