गोव्यातून सुरू होणारा दुसरा भाग

नीलिमाताई, ए-१०१: सुप्रभात मंडळी 🙏 काल हॉलमध्ये 'द बोर्न आयडेंटिटी', म्हणजे स्मृती हरवलेल्या सीआयएच्या हेराचा सिनेमा, बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार. खुर्च्या आवरून ठेवणाऱ्या मुलांचे विशेष. पुढच्या शनिवारचं आज ठरवू. याचाच दुसरा भाग, 'द बोर्न सुप्रीमसी', लावायचा की वेगळा सिनेमा?

कुलकर्णी काका, ए-२०२: वेगळा लावा. कालचा उत्तम होता. शेवटी तो बोर्न आणि त्याच्याबरोबर पळणारी मेरी ग्रीसमध्ये समुद्रकाठी पुन्हा भेटली, गोष्ट पुरी झाली. दुसरे भाग म्हणजे आमटीत पाणी घालून पाहुण्यांना पुरवणं.

ऋग्वेद, बी-१०२: माझंही मत वेगळा. हेरांचाच हवा असेल तर नवीन लावा ना. यात ॲक्शन कमी आहे. पॅरिसमध्ये एक छोटी लाल गाडी पायऱ्यांवरून उतरते, तेवढंच लक्षात राहिलं.

शैलेश, बी-४०३: ऋग्वेद, त्या गाडीबद्दलच बोलू. ती का लक्षात राहिली? पोलीस जवळ आलेत आणि बोर्न लगेच पळत नाही. आधी नकाशा बघतो. मग मेरीला विचारतो, गाडीची काळजी घेतेस ना, टायर जरा ढिले वाटले. ती म्हणते, थोडी उजवीकडे ओढते. बस, एवढंच बोलणं. पण त्या थांबण्यामुळे आपण मागच्या सीटवर जाऊन बसतो. गाडी जुनी आहे, एका बाजूला ओढते, शेजारी बसलेली बाई घाबरलेली आहे, रस्ते अरुंद आहेत, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. मग प्रत्येक वळणाला पोटात गोळा येतो. हीच गाडी नवी, महागडी आणि बंदुका लावलेली असती तर आपण नुसती बघितली असती.

शैलेश, बी-४०३: झ्युरिकच्या वकिलातीतही तेच. मारामारी थोडकी. पण पळताना तो भिंतीवरचा इमारतीचा नकाशा काढून घेतो आणि पाडलेल्या माणसाचा वायरलेस उचलतो. आता कोण कुठून येतंय ते त्याला ऐकू येतं आणि आपल्यालाही. थरार म्हणजे नुसता वेग नव्हे. तो काय विचार करतोय हे आपल्याला कळतं आणि आपण त्याच्या अर्धं पाऊल मागे धावत राहतो, तो थरार.

सविता, बी-२०१: मला रस्त्याकाठच्या हॉटेलातला प्रसंग सगळ्यात आवडला. बाहेरच्या सहाही गाड्यांचे नंबर पाठ आहेत, वेट्रेस डावखुरी आहे, काउंटरवरच्या माणसाचं वजन किती, असं सगळं तो सांगत जातो. आणि मग विचारतो, हे सगळं मला कळतं, मग मी कोण ते का कळत नाही? तिथे एकही गोळी सुटत नाही. माझ्या अंगावर काटा आला.

शैलेश, बी-४०३: सविता, अगदी बरोबर. इतर हेरांना स्वतःच्या कसबाचा अभिमान असतो. याला त्याची भीती वाटते.

कुलकर्णी काका, ए-२०२: मी शेतातल्या प्रसंगाबद्दल लिहिणार होतो. बोर्न गोळी झाडून पाखरं उडवतो, त्यामुळे लपलेल्या नेमबाजाला काही दिसेनासं होतं. युक्ती सुंदरच. पण नंतर तो नेमबाज मरायला टेकलेला असताना बोर्नला विचारतो, तुझंही डोकं दुखतं का? रात्री गाडी चालवताना? दोघांना एकच दुखणं. मारायला आलेला माणूस याचाच भाऊबंद निघाला. मी काल रात्री बराच वेळ त्याचाच विचार करत होतो.

शैलेश, बी-४०३: काका, तुम्ही नेमकं तेच पकडलंत, आणि म्हणूनच दुसरा भाग बघायला हवा! पहिल्या भागाचा प्रश्न 'मी कोण?' हा होता. त्याचं अर्धं उत्तर मिळालं. पण असा माणूस घडवला गेला असेल तर त्याने त्याआधी कुणाकुणाला मारलं असेल? ते खातं पहिल्या भागात उघडतच नाही. एक काम फसलं तेवढं कळतं. लहान मूल समोर आलं आणि याच्या हातून गोळी सुटली नाही. पण जी कामं फसली नाहीत त्यांचं काय? दुसऱ्या भागाचा प्रश्न आहे, 'मी काय केलंय?' याला मी पाणी घातलेली आमटी म्हणणार नाही.

मेधा, सी-३०४: आणि तो गोव्यात सुरू होतो 🙂 २००४ साली थिएटरात बघितला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत मी शेजारच्या मैत्रिणीचा हात धरला होता. आमचा गोवा पडद्यावर! बोर्न आणि मेरी तिथे लपून राहतात. त्याला रात्री वाईट स्वप्नं पडतात, तो वाळूत धावायला जातो, ती बाजारात ये-जा करते. सगळं शांत. आणि मग त्या गर्दीत एक माणूस असा दिसतो की त्याचे कपडे, त्याची गाडी, त्याचं उभं राहणंच तिथे बसत नाही. बोर्नला ते एका नजरेत कळतं. मी गोव्यातली, म्हणून मलाही कळलं. परका पर्यटक कसा वागतो ते आम्ही लहानपणापासून बघतो. हा माणूस पर्यटक नव्हता.

ऋग्वेद, बी-१०२: ओके, हे भारी आहे. पुढे काय होतं?

सविता, बी-२०१: सांगू नका 🙏 शनिवारी बघू.

शैलेश, बी-४०३: ज्यांना पाटी कोरी ठेवून बघायचाय त्यांनी माझे पुढचे मेसेज वाचू नका. पण दुसरा भाग रंगतो का, या प्रश्नाचं उत्तर त्या घटनेतच आहे. ती टाळून मला नीट सांगता येणार नाही.
.
.
.
जीपमधून पळताना ती दोघं जागा बदलतात. मेरी गाडी चालवायला बसते. मारेकऱ्याला वाटतं चालवणारा बोर्नच, आणि गोळी मेरीला लागते. जीप पुलावरून नदीत. पाण्याखाली तो तिला श्वास द्यायचा प्रयत्न करतो, आणि शेवटी तिला सोडून देतो. सिनेमा नुकताच सुरू झालाय. पहिल्या भागाने शेवटी जे एकच सुख त्याच्या हातात ठेवलं होतं, तेच दुसऱ्याने सुरुवातीला काढून घेतलं.

बहुतेक दुसरे भाग स्फोट वाढवतात, देश वाढवतात, खलनायकाची फौज वाढवतात. इथे आधी काहीतरी कमी केलंय. आणि त्या कमतरतेवरच पुढचा अख्खा सिनेमा चालतो. गोळी लागण्याच्या जरा आधी तो तिला म्हणतो, माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही. ती म्हणते, आहे. नंतर मारण्याची संधी समोर येते तेव्हा तो थांबतो, कारण तिला ते आवडलं नसतं. ती पडद्यावर नाही आणि तरी तोच तिच्या सांगण्यावर चालतोय. मला वाटतं, एवढी जिवंत नायिका हेरपटांत क्वचित असते.

नीलिमाताई, ए-१०१: कादंबरीतही असंच आहे का? मूळ लेखक रॉबर्ट लडलमची पुस्तकं आमच्या घरी होती.

शैलेश, बी-४०३: नाही ताई, पूर्ण वेगळं. १९८६ च्या त्या कादंबरीत तिचं अपहरण होतं आणि गोष्ट हाँगकाँगच्या बाजूला जाते. सिनेमावाल्यांनी जवळजवळ फक्त नाव ठेवलं. माझ्या मते चांगलं केलं.

कुलकर्णी काका, ए-२०२: शैलेश, मी तो दुसरा भाग पूर्वी टीव्हीवर लावून अर्ध्यात बंद केला होता, हे आता आठवलं. कॅमेरा इतका हलतो की डोकं गरगरतं. म्युनिकच्या घरातल्या मारामारीत हात कुणाचा आणि मान कुणाची, काही कळेना. तू म्हणतोस ना, तो काय विचार करतोय ते आपल्याला कळतं? मला तर तो कुठे उभा आहे तेही कळत नव्हतं.

शैलेश, बी-४०३: काका, तुमची तक्रार खरी आहे आणि तुम्ही एकटे नाही. त्या वेळीही लोकांनी हेच म्हटलं होतं. गंमत म्हणजे छायाचित्रकार दोन्ही भागांचा एकच, ऑलिव्हर वुड. बदलला तो दिग्दर्शक. पहिला भाग डग लायमनचा, २००२ चा. दुसरा पॉल ग्रीनग्रासचा. त्यांनी त्याआधी 'ब्लडी संडे' केला होता, उत्तर आयर्लंडमधल्या १९७२ च्या गोळीबारावरचा. तो एखादा बातमीदार धावत धावत टिपतोय असा चित्रित केलाय. तीच नजर त्यांनी इथे आणली. म्युनिकच्या मारामारीबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, तिथे अति झालंय. गुंडाळलेल्या मासिकाने मारण्याची कल्पना इतकी चांगली आहे की ती स्पष्ट दिसायला हवी होती. पहिल्या भागात पॅरिसच्या घरात पेनाने केलेली मारामारी मला आजही जास्त आवडते. पण मॉस्कोत तेच हलणं नेमकं बसतं. खांद्यात गोळी, हाताला लागलेली पिवळी टॅक्सी, अनोळखी शहर, बोगदा. त्याचं स्वतःचंच डोकं गरगरतंय.

मेधा, सी-३०४: आणि बर्लिन! समोरच्या इमारतीवरून बघत तो सीआयएच्या अधिकारी बाईंना फोन करतो. पहिल्या भागातल्या त्या निकीला पाठवा म्हणतो. त्या म्हणतात, ती नाही सापडली तर? तो म्हणतो, सोपं आहे, ती तुमच्या शेजारीच उभी आहे. खोलीतले सगळे वळून खिडकीकडे बघतात. मी थिएटरात टाळी वाजवली होती.

शैलेश, बी-४०३: हो! आणि नेपल्समध्ये तो जेसन बोर्न याच नावाचा पासपोर्ट दाखवून मुद्दाम पकडला जातो, तपासायला आलेल्याला पाडून त्याच्या फोनचं सिम कॉपी करतो. पहिल्या भागात तो पळत होता. आता तोच सीआयएच्या मागे लागलाय. तेच कसब, दिशा उलटी.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. बोगद्यातला पाठलाग संपला की सिनेमा संपायला हवा, नाही का? संपत नाही. जखमी बोर्न लंगडत एका मुलीच्या घरी जातो. बर्लिनच्या हॉटेलात तिच्या आईवडिलांना त्यानेच मारलेलं असतं, ते त्याचं पहिलं काम. आईने वडिलांना मारून आत्महत्या केली असा देखावा उभा केलेला. मुलगी ते खरं मानून मोठी झाली. तो तिच्यासमोर बसून सांगतो की तुझ्या आईने काही केलं नव्हतं, मी केलं. आणि माफी मागून बर्फात निघून जातो. हाणामारीच्या सिनेमाचा सर्वोच्च क्षण हा कबुलीजबाब आहे. तिथे माझा श्वास पाठलागापेक्षा जास्त अडकतो, कारण ती मुलगी काय करेल ते कुणालाच माहीत नाही.

ऋग्वेद, बी-१०२: दादा, दुसरा भागच लावूया. माझं मत बदललं असं नीलिमाकाकूंनी लिहून घ्या.

सविता, बी-२०१: मी सगळं वाचलं 😔 पण तरी बघायचाय. एकच, लहान मुलांचं काय करायचं? पाण्यातला प्रसंग माझ्या धाकटीला झेपणार नाही.

नीलिमाताई, ए-१०१: दोन्ही भागांना अमेरिकेत पीजी-१३ आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी सांभाळून. तेरा वर्षांखालच्यांसाठी त्या वेळी लायब्ररीत कॅरम आणि बुद्धिबळ ठेवू. मोठ्यांपैकी कुणीतरी आळीपाळीने थांबा.

मेधा, सी-३०४: पहिला अर्धा तास मी थांबते मुलांपाशी. गोव्याचा भाग मला पाठ आहे, आणि ती नदी पुन्हा बघवणार नाही.

कुलकर्णी काका, ए-२०२: लावा. मी सगळ्यात मागच्या रांगेत बसतो, म्हणजे हलणं कमी जाणवेल. शैलेश, त्या मुलीच्या घरचा प्रसंग आला की आवाज जरा वाढव, मला ऐकू कमी येतं.

नीलिमाताई, ए-१०१: ठरलं. शनिवार, रात्री ८.३०. काकांची खुर्ची मागच्या रांगेत, स्पीकरजवळ.