पॅराशूटच्या दोऱ्यांचा गुंता का होत नाही?

भटका_कावळा: व्हिडिओ बघत होतो, पाठीवरच्या एवढ्याशा पिशवीतून एवढं मोठं कापड आणि डझनभर दोऱ्या वाऱ्यात बाहेर पडतात तरी सगळं सुटसुटीत उघडतं. कसं काय? नशीब म्हणायचं का?

दोरीवाला: नशीब नाही, क्रम. गुंता ढिल्या दोरीचा होतो, ताणलेल्या दोरीचा नाही, सगळा खेळ एवढाच आहे. आधी पायलट शूट म्हणजे एक छोटं पॅराशूट वारा पकडतं, ते आतली बॅग खेचून काढतं, दोऱ्या नागमोडी घड्या घालून रबरबँडमध्ये अडकवलेल्या असतात त्या एकेक घडी करत सुटतात, आणि पूर्ण ताणल्या गेल्या की शेवटचे रबरबँड सुटून बॅगेचं तोंड उघडतं. म्हणजे कापडाला हवा मिळेपर्यंत दोऱ्या आधीच सरळ झालेल्या असतात.

रिकामटेकडा७: स्लायडर विसरलात की राव! चौकोनी पॅराशूटमध्ये एक कापडाचा तुकडा असतो, चार कोपऱ्यांत चार कड्या, त्यातून दोऱ्यांचे चार जुडगे जातात. सुरुवातीला तो वर कापडाला चिकटून असतो, मग हळूहळू खाली सरकतो, त्यामुळे उघडायचा वेग कमी होतो आणि जुडगेही वेगळे राहतात. एकदा उघडलं की आतल्या हवेचा दाब कापड बाहेर ढकलत राहतो आणि खाली माणसाचं वजन लटकलेलं, मग दोऱ्या ढिल्या पडणार कधी?

भटका_कावळा: ओके पटलं. पण अपोलो यानाला तर तीन पॅराशूट होती ना, ती एकमेकांत का नाही अडकायची?

दोरीवाला: तिन्हींच्या मधून हवा जाते ती त्यांना बाहेर ढकलते, म्हणून प्रत्येक जण थोडं बाहेर कलून असतं. शिवाय आधी प्रत्येक पॅराशूटचं तोंड दोरीने आवळलेलं ठेवतात, काही सेकंदांनी कटर ती दोरी कापतात, म्हणजे तिन्ही टप्प्याटप्प्याने फुलतात. १९७१ ला अपोलो १५ चं एक मिटलं होतं, बाकी दोनवर उतरले सुखरूप.

शंकासुर: कधीच गुंतत नाही असं मात्र समजू नका हां. दोऱ्यांना पीळ पडणं तर नेहमीचंच, पाय झाडून उलटं फिरायचं, सुटतो. खरी भीती दोन पॅराशूट एकमेकांत अडकायची. १९६७ मध्ये सोयुझ १ या सोव्हिएत अंतराळयानाचं मुख्य पॅराशूट बाहेरच आलं नाही आणि राखीव उघडायला गेलं तर ते आधीच्या छोट्या पॅराशूटमध्ये गुंतलं, अंतराळवीर कोमारोव्ह गेले त्यात. स्कायडायव्हिंगमध्ये पण म्हणूनच बिघडलेलं मुख्य पॅराशूट आधी सोडून देतात, राखीव त्यानंतर.